मास्तरांचा हात

हात अजून वरच होता. पांढरी व्हॅन कधीच पुढच्या वळणाआड गेली होती, तिच्या वाऱ्याने उडालेला पाचोळा परत रस्त्यावर बसला होता, आणि सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडायला निघालेली बाई दोन लेनच्या मधल्या रेघेवर खिळून उभी होती, तरी मास्तरांचा हात पुढच्या काचेपाशी तसाच होता. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली, जा हो, खुशाल जा, असं सांगणारा. सायकलच्या पुढच्या चाकाला व्हॅनचा निसटता धक्का बसला होता आणि चाक आडवं वळलं होतं. बाई एक पाऊल पुढे असत्या तर काय झालं असतं, हे मास्तरांना कुणी सांगायची गरज नव्हती. गाडी शिकवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. बाईंनी हँडल सरळ केलं. आधी व्हॅन गेली त्या दिशेला पाहिलं, मग वळून मास्तरांच्या गाडीकडे, काचेमागच्या त्या हाताकडे पाहिलं, आणि आभार मानावेत तशी मान लववली. मग पुढच्या लेन नीट बघून उरलेला रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या झाडांत शिरल्या. मागून कुणीतरी हॉर्न दिला. स्टीअरिंगमागच्या शिकणाऱ्या बाईंनी, मास्तर, जाऊ का, असं विचारलं तेव्हा कुठे तो हात खाली आला आणि मांडीवर पडला.

शिकवणीच्या गाडीत मास्तरांची जागा तशी चमत्कारिकच. स्टीअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, मास्तरांच्या पायाखाली जादा ब्रेक, आणि हात रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. कुणी रस्ता ओलांडायला उभं दिसलं की गाडी थांबवायची आणि हात करायचा. जुनी रेल्वेलाइन उखडून तिथे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी झाडांची वाट केली, तेव्हापासून तर ती वाट या चार लेनच्या रस्त्याला जिथे छेदते तिथे त्यांची गाडी थांबली नाही असा दिवस गेला नसेल. शिकणाऱ्यांनाही ते बजावायचे, नुसतं थांबू नका, थांबलात हे समोरच्याला कळू द्या, माणसाने माणसाला तोंडभरून जा म्हणावं. शहरातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले. ते सगळे थांबायचे, सगळे हात करायचे, आणि तोही थेट मास्तरांसारखा, तळवा वर आणि बोटं वाकवून. परगावचा कुणी म्हणायचा, तुमच्याकडचे ड्रायव्हर फार सभ्य बुवा. मास्तर तोंडाने असू दे, असू दे करायचे, पण त्या दिवशी जेवण चार घास जास्त जायचं.

तास संपेपर्यंत गाडीत कुणी त्या व्हॅनचं नाव काढलं नाही. शिकणाऱ्या बाई दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली होत्या. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत हवी ती वस्तू त्यात ठेवायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, ही त्यांची कित्येक वर्षांची सवय. नवरा गेला, त्याची गाडी विकायला मन होईना, म्हणून शिकायला आलेल्या. दवाखान्याच्या दारात त्यांनी गाडी बेताने उभी केली, पट्टा सोडला, आणि उतरता उतरता म्हणाल्या, "मला आरशात दिसली होती ती व्हॅन."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही हात केला होता ना. म्हटलं, तुम्ही बघितलंच असणार."

एवढं बोलून त्यांनी दार हळूच लावलं आणि आत गेल्या. त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता, कुत्सितपणा नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. ते सरकून स्टीअरिंगमागे बसले. आरशात पाहिलं. बाजूची लेन तिथून स्वच्छ दिसत होती. मग परत आपल्या नेहमीच्या जागेवर सरकले, मान वाकडी करून पाहिलं, आणि जे त्यांना माहीत होतं पण कधी मनावर घेतलं नव्हतं ते पुन्हा दिसलं, की इथून बाजूची लेन दिसतच नाही. आरसा शिकणाऱ्याच्या डोळ्यांसाठी वळवलेला. म्हणजे आज बघितलं नव्हतं. काल? परवा? इतकी वर्षं ते कशाच्या जोरावर लोकांना जा म्हणत होते? व्हॅनवाल्याला सायकलवाल्या बाई दिसल्या नाहीत, कारण मध्ये मास्तरांचीच गाडी पडद्यासारखी उभी. बाईंनी व्हॅन बघितली नाही, कारण मास्तरांचा हात वर. जिने बघितलं ती गप्प बसली, तीही त्या हाताकडे बघूनच. सगळ्यांचं सगळं त्या हाताशी येऊन थांबत होतं आणि त्या हातामागे डोळे नव्हते. दवाखान्यातून एक माणूस गाल धरून बाहेर आला आणि मान वाकडी करून अवघडून बसलेल्या मास्तरांकडे बघत निघून गेला.

दुपारी जेवताना टेबलाखाली त्यांचा पाय ब्रेक दाबत होता. हे नवीन नव्हतं. बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षी याचा धसका घेतला होता, आता ती थट्टा करायची. कोण आलं गाडीखाली, तिने विचारलं. मास्तर दचकले. ती हसत होती, पोळपाट पुसत होती, तिला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. कुणी नाही, ते म्हणाले, आणि ते खरंच होतं, कुणीही आलं नव्हतं, चाक जरासं आडवं झालं होतं एवढंच. मग ही छातीत कसली धाकधूक? ज्याचा शेवट गोड त्याचं सगळं गोड म्हणतात. पण शेवट झाला असं त्यांना वाटेना. डोळ्यांसमोर सारखी ती लववलेली मान येत होती. बाईंनी शिव्या घातल्या असत्या तर त्यांचं काहीतरी फेडल्यासारखं झालं असतं. तेवढ्यात टायरवाल्याचा फोन आला. उद्याच्या सभेला येताय ना मास्तर, तुमच्या शब्दावर आमची सगळी भिस्त आहे. मास्तर हो हो म्हणाले. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "कशाला जाताय? हात दाखवून अवलक्षण." ती म्हण तिने सहज वापरली होती, आणि मास्तर पानावरून उठले.

सभा होती त्या ओलांडणीबद्दलच. नगरपालिकेतली तरुण इंजिनिअर महिन्यापूर्वी आराखडा घेऊन त्यांच्याकडे आली होती. वाट जिथे रस्त्याला छेदते तिथून बऱ्याच आधी मोठ्या कुंड्या ठेवून दोन्ही बाजूंची एकेक लेन बंद करायची, मधोमध उंच ओटा बांधायचा, म्हणजे माणसाची एका वेळी एकाच लेनशी गाठ पडेल आणि मध्ये उभं राहायला जागा मिळेल. टायरवाल्याचं दुकान नेमकं त्या कुंड्यांच्या समोर येत होतं, तेव्हा त्याचा विरोध समजण्यासारखा होता. मास्तरांचा विरोध वेगळा होता. तिने सांगितलं होतं, "कुणीच थांबत नाही तेव्हा लोक जपून जातात. खरा धोका एकजण थांबतो तेव्हा असतो." मास्तर खो खो हसले होते. म्हणजे सभ्यपणा हा गुन्हा झाला म्हणायचा. हा विनोद त्यांनी बाजारात चार जणांना सांगितला, टायरवाल्याने तो चाळीस जणांना सांगितला, आणि बघता बघता तोच सभेतला मुद्दा झाला, की आपले ड्रायव्हर मास्तरांच्या तालमीतले, ते थांबतात, हात करतात, मग कुंड्या कशाला? पोरीने तेव्हा वाद घातला नव्हता. तिने आराखड्याची गुंडाळी केली होती, चहा संपवला होता आणि पायऱ्या उतरताना म्हणाली होती, एकदा पायी येऊन बघा ना तिथे. पायी! मास्तरांना तो उद्धटपणा वाटला होता.

संध्याकाळी ते पायी गेले. ओलांडणीच्या कडेला अजून जुन्या फाटकाच्या केबिनचा दगडी चौथरा शिल्लक होता, त्यावर आता बाक टाकलं होतं. या चौथऱ्यावरच्या केबिनमध्ये मास्तरांचं अर्धं लहानपण गेलं होतं, कारण त्यांचे वडील इथले फाटकवाले. तेव्हा रस्ता थांबायचा आणि रूळ चालायचे. गाडी यायच्या आधी वडील फाटक पाडायचे आणि झेंडी घेऊन उभे राहायचे. गाडी गेली की फाटक उचलायचे आणि लोकांकडे पाठ करून आत यायचे. कधी कुणाला या म्हटलं नाही. एकदा फाटक उचललं आणि समोरचा ट्रकवाला चालू करायला वेळ लावत होता, तर पोरगेल्या मास्तरांनी चौथऱ्यावर उभं राहून मोठ्या ऐटीत त्याला हात केला, या, या. वडिलांनी मनगट पकडलं. मारलं नाही, पण असं पकडलं की बोटांचे वळ उठले. "आपलं काम थांब म्हणायचं," ते म्हणाले. "ये म्हणणारे आपण कोण? ज्याचा जीव त्याने बघून जायचं." त्या पकडीचा राग मास्तरांनी पुढे जन्मभर जपला. वडील आतून कोरडे, माणूसघाणे, हा निकाल त्यांनी त्याच दिवशी लावला, आणि नंतर त्याला पुरावे मिळत गेले. धाकट्या बहिणीच्या सासरच्यांना दारापर्यंत पोचवायला वडील उठले नाहीत. मास्तर कामासाठी पहिल्यांदा परगावी निघाले तेव्हा वडील फलाटावर हात पाठीमागे बांधून उभे राहिले. सगळा फलाट हात हलवत होता, एक हा माणूस सोडून. खिडकीतून बघताना मास्तरांनी मनाशी म्हटलं होतं, आपण असं नाही व्हायचं. आणि नव्हतेच ते तसे झाले. त्यांचा हात म्हणजे वडिलांना दिलेलं उत्तर होतं, रोजच्या रोज, काचेतून. बाकावर बसल्या बसल्या मास्तरांनी आपल्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. वळ कधीच गेले होते.

समोर रहदारी वाढली होती. इथून बघताना त्यांना प्रथमच दिसलं की ओलांडणारी माणसं रस्त्याकडे बघत नाहीत, काचांकडे बघतात. लेन भरभरून वाहतेय तोवर ती अंग चोरून, मान इकडे तिकडे फिरवत उभी राहतात. मग एक गाडी थांबते, काचेमागे हात हलतो, आणि त्यांच्या खांद्यांतला ताण उतरतो. मान फिरायची थांबते. ती हसतात आणि चालायला लागतात. एक म्हातारे गृहस्थ गेले, मागून दोन पळणाऱ्या बायका गेल्या. प्रत्येक हात ओळखीचा, तळवा वर, बोटं वाकलेली. त्या गाड्यांच्या पलीकडच्या लेनमध्ये कधी कुणी असायचं, कधी नसायचं. बहुतेक वेळा नसायचं, म्हणून तर इतकी वर्षं निभावलं. मग वाटेवरून घंटी वाजली आणि मास्तरांची लेक कामावरून परत येताना दिसली, पाठीला पिशवी, केस वाऱ्यावर. रोज ती याच वाटेने जाते येते हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असणं आणि इथे बसून बघणं यांत फरक होता. एक लाल गाडी थांबली. हात वर झाला. लेकीने डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे बघितलं नाही, पॅडल मारलं, एक हात उंचावून आभार मानले आणि लाल गाडीच्या पुढून सरळ दुसऱ्या लेनमध्ये शिरली. मास्तरांचा पाय दगडावर दाबला गेला, इतका की पोटरीत गोळा आला. दुसरी लेन रिकामी होती. लेक पलीकडे पोचली, झाडांत गेली. ते कितीतरी वेळ पोटरी चोळत बसले.

रात्री जेवताना त्यांनी आडून आडून विषय काढला, फाटकापाशी जरा बघून जात जा. लेक हसली. मी लहान होते तेव्हापासून तेच सांगताय, म्हणाली. मग भाजी वाढून घेताना म्हणाली, "आणि तिथे कसली भीती, बाबा? तुमचे शिकवलेले लगेच ओळखू येतात. हात केला की मी डोळे मिटून जाते." बायको लेकीकडे कौतुकाने बघत होती. मास्तरांना सगळं सांगून टाकायचं होतं, व्हॅन, ते आडवं झालेलं चाक, लववलेली मान, सगळं. पण सांगून काय होणार होतं? शब्दाने हात शिकत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? शंभर वेळा क्लच सांगितलेला माणूस ऐन वेळी ब्रेकच दाबतो. लेक उद्या सकाळी दोन मिनिटं बघेल, तिसऱ्या मिनिटाला कुणाचा तरी हात वर होईल, आणि तो हात बापाचा म्हणून ती निघेल. घास तोंडात फिरत राहिला.

सभेला हॉल भरला होता. टायरवाल्याने मास्तरांना पुढच्या रांगेत बसवलं. इंजिनिअरने तिचा आराखडा भिंतीवर लावून समजावला, लोक आपसांत बोलत राहिले. मग मागून एक बाई उठल्या आणि मास्तरांचं पाणी पाणी झालं, कारण त्या सायकलवाल्या बाई होत्या. काल आपण मरता मरता वाचलो, असं त्यांनी सांगितलं. एक व्हॅनवाला कसा बेफाम गेला, आणि त्याआधी एक सज्जन कसे थांबले, किती प्रेमाने त्यांनी जा म्हणून हात केला, अशी माणसं आहेत म्हणून शहर चाललंय, व्हॅनवाल्यांनी त्यांच्याकडून शिकावं. काचेमागचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता, हात तेवढा पाहिला होता. टाळ्या पडल्या. टायरवाला आनंदाने उठून म्हणाला की आता मास्तरांनीच बोलावं. मास्तर उठले. त्यांनी रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना. ते म्हणाले, "तो हात माझा होता." हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. "मी बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "बाजूच्या लेनमध्ये काय येतंय ते मला दिसतच नाही. तरी मी जा म्हटलं. मी सगळ्यांना तेच शिकवलंय." ते थांबले, बाजूची लेन बंदच करायला हवी, असं काहीतरी पुटपुटले, आणि खाली बसले. पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. शेजारचा त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाला, यालाच म्हणतात मोठेपणा. सायकलवाल्या बाई रांगेतून वाट काढत आल्या आणि त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरून हलवायला लागल्या. खरं बोलावं तर लोक त्याचा विनय करून टाकतात. टायरवाला एवढाच एक खरा ऐकणारा निघाला, तो तोंड पाडून बसला होता. इंजिनिअरला तेवढं पुरलं. अध्यक्षांनी मास्तरांच्या शब्दाला मान म्हणून कुंड्या महिनाभर ठेवून बघायला मंजुरी दिली. जाताना ती मास्तरांपाशी घुटमळली. कुंड्या यायला पुढचा आठवडा उजाडेल, म्हणाली, तोवर सांभाळून. मास्तरांना तो 'तोवर' दिसायला लागला, एकेक सकाळ, एकेक संध्याकाळ, आणि प्रत्येकीत झाडांतून येणारी घंटी.

सकाळी दवाखान्यातल्या बाईंचा तास होता. फाटक जवळ आलं तसं मास्तरांनी त्यांना नेहमीपेक्षा बरंच अलीकडे, ओलांडणीच्या पांढऱ्या पट्ट्यांपासून लांब थांबायला सांगितलं, म्हणजे समोरच्याला बाजूची लेन नीट दिसेल. गाडी थांबली. आणि त्यांनी आपला उजवा हात मांडीखाली सरकवून त्यावर बसून घेतलं. रस्त्याच्या कडेला, एक पाय जमिनीवर आणि एक पॅडलवर, त्यांची लेक उभी होती. तिने गाडी ओळखली, बापाला ओळखलं, हसली, आणि थांबली. हाताची वाट बघत होती. मास्तरांनी हात केला नाही. तिच्या भुवया वर गेल्या. तिने हनुवटीने विचारलं, काय? मागचा हॉर्न वाजला, मग त्याच्या मागचा. मांडीखालचा हात आपसूक निसटायला बघत होता, ते त्याच्यावर सगळं अंग टाकून बसले. लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या चेहऱ्यावर आता जे होतं ते मास्तरांनी पूर्वी आतून पाहिलं होतं, आगगाडीच्या खिडकीतून, फलाटावर हात पाठीमागे बांधून उभ्या असलेल्या एका माणसाकडे बघताना. त्या माणसाने पाठीमागे आपली बोटं किती घट्ट धरली असतील, हे मास्तरांना आज कळलं.

"मास्तर," आरशात बघत शेजारून बाई म्हणाल्या, "मागून एक ट्रक येतोय. बाजूच्या लेनमधून."

लेकीने मान वाकडी करून ओठांत काहीतरी म्हटलं, चिडकं काहीतरी, आणि सायकल पुढे काढली. मास्तरांचा पाय ब्रेकवर होता, पण तो ब्रेक या गाडीचा होता, तिच्या सायकलचा नव्हता. गाडीसमोरून येऊन दुसऱ्या लेनच्या रेघेपाशी ती थांबली. आज तिला कुणी जा म्हटलं नव्हतं, म्हणून तिने मान वळवली आणि बघितलं. ट्रक तिच्यासमोरून धडधडत गेला, तिचे केस एका बाजूला उडाले. तो गेल्यावर तिने पुन्हा बघितलं, मग निघाली. पलीकडे पोचून तिने मागे वळून पाहिलं नाही. घरी जेवताना ती बोलणार नव्हती, हे मास्तरांना ठाऊक होतं.

"जाऊ का?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही बघा," मास्तर म्हणाले. "मोकळं असेल तर जा."

त्यांनी हात मांडीखालून बाहेर काढला. त्याला मुंग्या आल्या होत्या, आणि तो उलगडायला बराच वेळ लागला.